कामाला कशी आहे?

हातखंब्याला महामार्गालगत एक हॉटेल आहे. खाली खाणावळ, वर दोन हॉल. गेल्या वर्षी एका हॉलमध्ये कुणाचा तरी साखरपुडा होता आणि दुसऱ्यात आमची निवड, म्हणजे मुलींच्या फुटबॉल लीगमध्ये कोणती खेळाडू कोणत्या संघाने घ्यायची ते ठरवण्याची बैठक. मी पाण्याची बाटली आणायला खाली गेले होते. परत येताना दाराशीच एक भरदार आवाज कानावर पडला.

"मुलगी कामाला कशी आहे?"

मला वाटलं, आपण साखरपुड्यात शिरतोय. मागे फिरणार, तेवढ्यात आमच्याच सावंत सरांचं उत्तर ऐकू आलं. "वाघ आहे कामाला. सांगाल तेवढं करते. उलटून शब्द नाही."

म्हणजे हॉल बरोबर होता.

संपादकांनी कळवलं आहे की कामातले अनुभव लिहा, थोडे गमतीदार असले तर वाचकांना दिवाळीत बरं वाटतं. गमती पुष्कळ आहेत. पण त्या दिवशी दारात जो राग आला तो अजून उतरलेला नाही, त्यामुळे गमतीसुद्धा त्याच आचेवर शिजून येतील. वाचकांनी सांभाळून घ्यावं. किंवा घेऊ नये.

मी पोफळीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढले. बाबा कामगार संघटनेत. घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. शाळेत 'क कमळाचा' शिकवला, पण माझं वाचन सुटं झालं ते 'कामगार बंधूंनो' वाचून. रात्रीची जेवणं झाली की आम्ही भावंडं पत्रकांच्या घड्या घालायचो आणि बाबा खळीचा डबा घेऊन बाहेर पडायचे. ते सांगत, मालक एखाद्याला 'कष्टाळू' म्हणाला की आधी त्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा, वळ लागतात का बघावं. तेव्हा हे मला भाषण वाटायचं. भाषण नव्हतं, कामाची सूचना होती.

वसाहतीला मैदान होतं. त्यावर बदलून गेलेल्या कुठल्याशा साहेबांच्या हौसेने उभे राहिलेले गोलाचे खांब होते. मुलगी म्हणून मला गोलात उभं केलं, कारण तिथे 'फार धावावं लागत नाही'. त्याचा फायदा असा झाला की गोलात उभ्या असलेल्या माणसाला सगळं मैदान दिसतं. सगळे चेंडूकडे बघत असतात तेव्हा तो इतरांकडे बघू शकतो. खेळाडू निवडायचं काम मी पुढे केलं ते त्या बघण्याच्या जोरावर.

फुटबॉलशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगते. मैदानावर बावीस जणी आणि चेंडू एक. म्हणजे कुठल्याही एकीच्या पायाशी चेंडू असतो तो वेळ अगदी थोडा. उरलेल्या वेळात ती काय करते, हे बघणं म्हणजे निवड. वेग कुणालाही दिसतो, त्याला स्टॉपवॉच पुरतं. मी बघते, चेंडू यायच्या आधी ती मान वळवून मागे कोण आहे ते पाहते का. चेंडू पायाला लागल्यावर तो तिथेच मरतो, की तिला हवा तिकडे सरकतो. आम्ही त्याला पहिला टच म्हणतो. तो शिकवता येतो थोडाफार, पण मुळातच असतो तेव्हा अंगावर काटा येतो. ही झाली कुवत.

आणि दुसरी मेहनत. तिच्यावाचून कुवत सडते, हे मला मान्य आहे. मी काही आळसाची आरती ओवाळायला बसलेले नाही. पण मेहनत ओळखणं कुवतीपेक्षा अवघड, कारण मेहनतीची सोंगं घेता येतात. देवळाच्या कुंपणाच्या भिंतीवर डाव्या पायाने चेंडू मारत राहणारी आणि गुरव ओरडत आला की पळणारी मुलगी मी पाहिली आहे. ती स्वतःसाठी राबत होती. सर बघतायत म्हणून जोरात धावणाऱ्या मुली तर ढिगाने. पण एक तिसरी जात असते. तिला थांबायला शिकवलेलंच नसतं. सांगितलं की करायचं, आणि दुखलं तर गप्प बसायचं, एवढंच तिच्या हाडांत मुरलेलं असतं. लांबून बघितली तर ही सगळ्यांत मेहनती दिसते. संघमालक तिच्यावर जीव टाकतात.

संघमालकांविषयीही सांगायला हवं. सहा संघ, सहा मालक. एकाचं हेच हॉटेल, एकाच्या मच्छीमार बोटी, एकाची खडी-वाळू. मी ज्यांच्या संघासाठी निवड करत होते ते भाऊ आंब्याचे बागायतदार. पहिल्या बैठकीत हे सगळे म्हणाले, क्रिकेटवाल्यांसारखा खेळाडूंचा लिलाव करू. मी त्याच संध्याकाळी पत्रक काढलं, 'मुली म्हणजे बाजारातले बैल नव्हेत', आणि सहाही जणांच्या हातात दिलं. त्यांनी लिलाव लगेच सोडून दिला. मला वाटलं, जिंकले. त्यात त्यांचा खर्च वाचत होता, हे नंतर लक्षात आलं. मग ठरलं की चिठ्ठ्या टाकून क्रम लावायचा आणि आळीपाळीने एकेक मुलगी घ्यायची. लिलाव गेला, पण बैल बघायची नजर तीच राहिली. बोटवाले शेठ मला विचारत, "मॅडम, ही जेवते किती?" हॉटेलवाले म्हणत, "पेपरात फोटो येतो, जरा नाकीडोळी बघून घ्या." एका मुलीला त्यांनी खरोखर चालून दाखवायला लावलं. ती गोलकीपर होती.

आईबापही कमी नसत. पालीच्या एका गृहस्थांनी मुलीची तारीफ केली ती अशी, "सकाळी पाणी भरते, गोठा करते, भाकऱ्या टाकते आणि मग सरावाला येते. दमणं म्हणून म्हायत नाय." त्यांच्या तोंडावर नुसता अभिमान होता. मी विचारलं, मग तिचा भाऊ काय करतो. ते म्हणाले, "तो खेळतो ना."

आता गौरी आणि शिफाची गोष्ट. लिहायला बसले ती यांच्यासाठीच.

निवडीच्या आधी चाचणी होती, शहराबाहेर सड्यावर. सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार. जांभ्याची लाल रेव, पडलं की गुडघ्याची साल जाते. पालीच्या पुढच्या एका वाडीतून गौरी आली होती. एकोणीस वर्षांची, काटक, केसांना चापून तेल. बरोबर आई. मी तिला विचारलं, फुटबॉल कशासाठी खेळतेस. तिने सरळ सांगितलं, "पोलीस भरतीसाठी, ताई. धावायची सवय राहते आणि खेळाचं सर्टिफिकेट मिळालं तर बरं." आईने पुढचं सांगितलं. "हिच्या बापूसनी एक वर्स दिल्यानी हाय हिला. भरती झाली तर नोकरी, नायतर पोर उजवून मोकळं व्हायचं. स्थळं येत हायत."

म्हणजे गौरीपाशी एक वर्ष होतं आणि दोन पाय. बाकी काही नव्हतं.

ती धावायला लागली आणि सावंत सरांचा चेहरा उजळला. सर शाळेतून निवृत्त झालेले खेळशिक्षक, संघाचे प्रशिक्षक. त्यांनी "अजून एक फेरी" म्हटलं की गौरी निघालीच. बाकीच्या वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभ्या, आणि ही पुढे.

शिफा खाडीपलीकडच्या गावातली. वडील कुवेतला, घरी आई आणि नानी. ती तरीच्या होडीने खाडी उतरून, मग एसटीने आली आणि उशिरा आली. तिसऱ्या फेरीनंतर ती गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, सावलीत जाऊन बसली.

सर ओरडले, "ए, काय झालं?"

"काही नाही सर."

"मग बसलीस का?"

"तुम्हाला माझा दम बघायचा होता ना? बघून झाला असेल. अजून धावले तर चेंडूच्या वेळी काय देऊ?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली, नाहीतर हसू दिसलं असतं.

मग चेंडू आला. शिफा चालत होती, मी अतिशयोक्ती करत नाही, चालत होती. पण चेंडू जिथे जाणार तिथे ती आधीच असायची. मान इकडे, मान तिकडे, आणि पाय लागला की चेंडू दोघींच्या मधल्या फटीतून निघून जायचा, जिला द्यायचा तिच्या पुढ्यात. धावत होत्या बाकीच्या, आणि त्या कुठे धावणार ते ठरवत होती ही. गोलात उभी राहून इतकी वर्षं जे बघायला शिकले, ते ही पोरगी चालता चालता बघत होती.

निवडीच्या दिवशी आमचा क्रम पहिला आला. मी म्हटलं, शिफा. सावंत सर म्हणाले, गौरी. भाऊंनी टोपी टेबलावर काढून ठेवली आणि बागेतलं बोलायला लागले.

"मॅडम, रायवळ आंब्याला पण गोडी असते. नाही कोण म्हणतो? पण कधी धरेल, किती धरेल, सांगता येत नाही. कलमाचं तसं नाही. वर्षाला ठरलेलं देतं. ही गौरी कलम आहे."

"भाऊ, कलम बोलत नाही," मी म्हटलं. "कीड लागली तर सांगत नाही."

"म्हणून तर राखणदार ठेवतो आम्ही."

"राखणदार कुणाची राखण करतो? आंब्यांची की झाडाची?"

भाऊ हसले. मला ते नेहमी हसून घेत. मी तणतणत पाणी आणायला खाली गेले आणि परत येते तेवढ्यात हॉटेलवाल्यांनी पलीकडच्या टेबलावरून विचारलं, मुलगी कामाला कशी आहे, आणि सरांनी वाघाचं उत्तर दिलं. मी बाटली घेऊन दारात उभी होते ती याच वेळी. भाऊंनी गौरीचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. गौरीची आई मागच्या खुर्चीवर पदराने डोळे पुसत होती.

शिफाचं नाव फेऱ्यांमागून फेऱ्या तसंच राहिलं. सहाही संघांत तिच्याबद्दल एकच शब्द फिरत होता, आळशी. शेवटच्या फेरीत भाऊ म्हणाले, "घ्या तुमची रायवळ. बाकावर बसायला कुणीतरी लागतंच."

लीग सुरू झाली. गौरी मधल्या फळीत खेळायची, पाठीवर सहा नंबर. दोन्ही टोकांना तीच. आमचा बचाव चुकला की गौरी, आमची आघाडी चुकली की गौरी. सर प्रत्येक सामन्यानंतर बाकीच्यांना सुनवायचे, "शिका जरा हिच्याकडून." माझ्या हट्टामुळे शिफाला उत्तरार्धात उतरवायचे. ती उतरली की गोल व्हायचा आणि सर म्हणायचे, नशीब.

एके दिवशी सरावानंतर शिफा माझ्याजवळ येऊन बूट सोडत बसली.

"ताई, सहा नंबरचा गुडघा गेलाय."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तिच्या पायाला निर्गुडीचा वास येतो. रोज पाला बांधते वाटतं. आणि एसटीतून उतरताना डावा पाय आधी टाकते. सुरुवातीला उजवा टाकायची."

मी गौरीला बाजूला घेतलं. तिने आधी नाही म्हटलं. मी पँट वर करायला लावली, तेव्हा गुडघा भाकरीच्या पिठाच्या गोळ्यासारखा सुजलेला दिसला.

"ताई, पाया पडते, सांगू नका. मला बसवलं तर घरी कळेल. घरी कळलं तर भरतीचं राहिलं, आतेच्या ओळखीचं स्थळ उद्या दारात येईल."

"आणि गुडघा कायमचा गेला तर भरती कुठल्या पायाने देशील?"

"नाही जात. मी सोसते."

सोसते. हा शब्द मी आयुष्यात इतक्या बायकांच्या तोंडून ऐकला आहे की तो कोशातून काढून टाकावा असं वाटतं.

मी सांगितलं. सर आणि भाऊ दोघांना, एकत्र. सरांनी गौरीला हाक मारली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, दुखतंय का?"

"नाही सर."

"बघा," सर माझ्याकडे वळून म्हणाले. "ती नाही म्हणते."

माझं डोकं फिरलं ते तिथे. मी म्हटलं, सर, तुम्ही तिला निवडलीच आहे ती 'नाही' म्हणावं म्हणून. उलटून बोलत नाही म्हणून कौतुक केलंत. आता तिच्या तोंडून कुठलं उत्तर यायची वाट बघताय? भाऊंनी हात वर केला. "मॅडम, उपांत्य सामना तेवढा होऊ दे. मग पंधरा दिवस आराम देऊ, माझ्या खर्चाने डॉक्टर दाखवू. मी काय राक्षस आहे?"

राक्षस नव्हते ते. राक्षस असते तर सोपं झालं असतं. ते भले गृहस्थ होते, आणि भल्या माणसांनी 'तेवढा होऊ दे' म्हणत म्हणत किती पाय मोडले याची पत्रकं आमच्या घरी माळाभर होती.

मी गौरीच्या घरी फोन केला. तिच्या आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बाय, ती काय बोलली नाय आमच्याशी. दुखत असतं तर बोलली असती ना गो."

उपांत्य सामना. समोर बोटवाल्यांचा संघ. मध्यांतराला बरोबरी. उत्तरार्धात शिफा उतरली. गौरी धावत होती, पण वळताना तिचा पाय तिच्याबरोबर वळत नव्हता. एकदा पडली, उठली. सर ओरडले, "शाब्बास गौरी." पुन्हा पडली, पुन्हा उठली. पुन्हा शाब्बास. मी बाजूच्या रेषेवरून बदली खेळाडू उतरवा म्हणून बोंबलत होते, पण बदलीचा अधिकार प्रशिक्षकाचा असतो, निवडणाऱ्याचा नसतो.

चेंडू मधल्या वर्तुळात शिफाकडे आला. तिने मान वळवली. उजवीकडे गौरी मोकळी होती आणि पास मागत होती. सगळ्या मैदानाला वाटलं, आता पास जाणार. शिफाने चेंडू पायाखाली थांबवला आणि त्याच्यावर बसली.

हो, चेंडूवर. मांडीवर हात ठेवून. एसटीची वाट बघत बसावं तशी.

समोरच्या पोरी तिच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. बसलेल्या मुलीच्या खालून चेंडू कसा काढायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पंच चिपळूणच्या एक शिक्षिका होत्या. त्यांनी शिट्टी वाजवली, पिवळं कार्ड दाखवलं आणि उठायला सांगितलं.

"सहा नंबरला बाहेर काढा, मग उठते," शिफा म्हणाली.

सर रेषेवरून किंचाळले, "उठ, आळशी. तिचा घाम बघ आणि तुझा बघ."

"घामाचं नाही म्हणत मी, सर. गुडघ्याचं म्हणते."

पंचबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग गौरीकडे. चालत गौरीजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळ, जरा उकिडवी बसून दाखव."

आत्तापर्यंत सगळ्यांनी गौरीला धावून दाखव म्हटलं होतं. बसून दाखव कुणीच म्हटलं नव्हतं. तिने प्रयत्न केला. अर्ध्यातच तोंड पांढरं पडलं आणि ती एका अंगावर कलंडली. पंचबाईंनी तिला बाहेर पाठवलं. शिफा उठली, कपडे झटकले आणि चेंडू पंचांच्या हातात दिला.

आमच्या घरी भिंतीवर बैठ्या संपाचं एक जुनं पत्रक होतं. ते मी लहानपणी इतक्यांदा वाचलं होतं की पाठ झालं होतं. पण बैठा संप प्रत्यक्ष बघितला तो त्या दिवशी, आणि तो करणारीने एकही पत्रक वाचलेलं नव्हतं. तिला समोरचं दिसत होतं, एवढंच.

सामना आम्ही हरलो. गौरीला दोघींनी धरून बाकावर आणलं, तेव्हा शिफा तिच्यापाशी गेली. गौरीने तिच्या कानफटात मारली. "माझं वाटोळं केलंस तू," म्हणाली. शिफा गाल चोळत तिच्याशेजारीच बसून राहिली.

गुडघ्यातली गादी फाटली होती. डॉक्टर म्हणाले, सूज आली तेव्हाच पाय बांधून घरी बसवली असती तर कदाचित नुसत्या आरामावर भागलं असतं. आता ऑपरेशन, आणि त्यानंतर कित्येक महिने धावायचं नाव काढायचं नाही. भरतीची धावण्याची चाचणी गौरीने खाटेवरून ऐकली, वाडीतल्या दुसऱ्या मुलीच्या फोनवर.

संघाने काय केलं? शिफाला काढलं, शिस्तभंग म्हणून. गौरीचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि 'सर्वाधिक मेहनती खेळाडू' अशी ढाल. ती ढाल घ्यायला तिला जिना चढून व्यासपीठावर जावं लागलं. सर खालून म्हणाले, सावकाश हं. मी राजीनामा दिला नाही. पत्रक काढलं, आणि सत्काराच्या हॉलमध्ये प्रत्येक खुर्चीवर ठेवलं. मग त्यांनी मला काढलं. भाऊ अजूनही हातखंब्याला भेटले तर चहा पाजतात. "तुमचं डोकं गरम आहे, पण माणूस चांगलं," म्हणतात. मी चहा पिते आणि म्हणते, भाऊ, तुमचं डोकं थंड आहे, तीच अडचण आहे.

यंदा दुसऱ्या एका संघाने निवडीसाठी बोलावलं. मी माझी चाचणी बदलली आहे. सड्यावर मुलींना पळवते, अजून एक फेरी म्हणते, मग अजून एक, आणि कडेला उभी राहून बघते की 'बस झालं, का पळवताय?' असं आधी कोण विचारते. जी विचारते तिच्या पायाशी मग चेंडू टाकते. नव्या मालकांना ही पद्धत वेडगळ वाटते. वाटू दे. शिफाला मी पहिल्याच फेरीत घेतली.

गौरी तिच्याशी किती तरी महिने बोलली नाही. माझ्याशी जेमतेम. मग गणपतींनंतर एकदा तिचा फोन आला.

"ताई, रविवारी घरी या. पाहुणे यायचेत मला बघायला." मग म्हणाली, "आणि तिला पण आणा."

"कुणाला?"

"आळशीला."

आम्ही गेलो. ओटीवर सतरंजी, पोह्यांच्या बश्या, लाडू. मुलगा मुंबईला नोकरीला, गप्प बसून फोनकडे बघणारा. बरोबर त्याचे काका आणि आत्या. गौरी साडी नेसून खुर्चीत बसली होती. शिफा भिंतीला टेकून, मैत्रीण म्हणून. उंची विचारून झाली, शिक्षण विचारून झालं. मग आत्याबाईंनी पोह्यांवरचं खोबरं चमच्याने गोळा करत विचारलं,

"आणि कामाला कशी आहे?"

माझे कान तापले. गौरीची आई सवयीने बोलायला लागली, "कामाला म्हणाल तर आमची गौरी अगदी वाघ…"

"नाही," गौरी म्हणाली. "मी आळशी आहे."

आई हसली. "मस्करी करते हो."

"मस्करी नाही, आई. दुखलं की मी बसते. आणि बसले की कुणी उठ म्हटलं तरी उठत नाही. आधी सांगितलेलं बरं." मग आत्याबाईंकडे वळून, "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं. बरा होतोय. पुढच्या भरतीला उभी राहणार आहे, तोवर लग्न करायचं नाही. पोहे संपवा ना."

पोहे कुणी संपवले नाहीत. काकांना एकदम पुढच्या गावी कुणाकडे तरी जायचं आठवलं. मुलाने फोनवरची नजर पहिल्यांदा उचलून गौरीकडे बघितलं, पण तोवर आत्याबाई चपला घालत होत्या. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी गौरीची आई दारातच पाठमोरी उभी.

"बापूस आला की काय सांगू मी?" ती बाहेर बघतच म्हणाली. मग वळली. "कुणी शिकवलान हिला ह्या?"

तिचा रोख माझ्यावर होता. मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं पत्रकभर.

"मी, काकी," शिफा म्हणाली. तिने कुणाची तरी अर्धवट बशी पुढे ओढली होती. "पोहे बरे झालेत. अजून आहेत का?"

गौरीची आई तिच्याकडे बघत राहिली. आता ही हाकलून देणार, असंच मला वाटलं. गौरीलाही वाटलं असावं. ती खुर्चीच्या हातावर जोर देऊन, ऑपरेशनचा पाय आधी टेकत, आत जायला उठू लागली.

"तू बस," तिची आई म्हणाली, आणि स्वतः आत गेली.